मोबाईलची जागा भरली तर काय करावे? मेमरी कार्डाचा योग्य वापर



खते, बियाणे, कीडनाशके आणि अवजारे यांविषयी आपण या पत्रिकेत नेहमी वाचता. आज अशा एका अवजाराची निगा पाहू, की जे प्रत्येकाच्या खिशात असते, पण ज्याची निगा क्वचितच कोणी राखतो. ते म्हणजे मोबाईल फोन.

ऐन हंगामात ई-पीक पाहणीचा फोटो काढायला आपण बांधावर उभे राहतो आणि फोन सांगतो, "जागा शिल्लक नाही." कॅमेरा उघडत नाही, ॲप पुढे सरकत नाही. पाहणीची मुदत काही आपल्यासाठी थांबत नाही. पिकाची नोंद राहिली तर पुढे विमा, कर्ज आणि शासकीय खरेदी या सगळ्यांत अडचण येते. दुकानात गेल्यावर "कार्ड टाका" किंवा "फोन बदला" एवढेच उत्तर मिळते. कार्ड टाकूनही तोच संदेश पुन्हा येतो, तेव्हा माणूस हैराण होतो. असे का होते, आणि घरच्या घरी त्यावर काय उपाय करावा, हे क्रमाने पाहू. येथे दिलेली माहिती ॲण्ड्रॉइड फोनसाठी आहे. कंपनीप्रमाणे बटणांची नावे थोडीफार वेगळी असतील, पण रीत तीच.

१. जागा तीन प्रकारची असते

फोन घेताना डब्यावर "४ जीबी, ६४ जीबी" असे दोन आकडे असतात. ते नीट समजून घ्यावेत.

अ) लहान आकडा रॅमचा. रॅम म्हणजे खळे. काम चालू असेपर्यंत तेथे माल पसरायचा, काम संपले की झाडून मोकळे करायचे. येथे काहीही साठवून राहत नाही.

ब) मोठा आकडा आतल्या साठवणीचा. ही घरातली कोठी. फोनची स्वतःची यंत्रणा, सर्व ॲप, व्हॉट्सॲपचे संदेश आणि बहुतेक फोटो येथेच राहतात.

क) तिसरी जागा मेमरी कार्डाची. हा पडवीवर काढलेला माळा समजा. तो आपण वरून जोडतो.

"जागा भरली" हा संदेश येतो तो कोठी भरल्यावर. माळा रिकामा असला तरी कोठीतला माल आपोआप माळ्यावर चढत नाही, तो आपल्याला चढवावा लागतो. कार्ड टाकूनही अडचण का सुटत नाही, त्याचे उत्तर एवढेच आहे.

आणखी एक गोष्ट. ३२ जीबीचा फोन घेतला म्हणजे ३२ जीबी आपल्याला वापरायला मिळत नाहीत. फोनची यंत्रणाच त्यातले १० जीबी किंवा त्याहून अधिक घेऊन बसते. तेव्हा अशा फोनमध्ये आपल्या वाट्याला १५ ते २० जीबीच येतात, असा हिशोब धरावा.

२. आधी निदान, मग औषध

रोग ओळखल्याशिवाय आपण फवारणी करत नाही. येथेही तसेच करावे. 'सेटिंग्ज' उघडावी आणि त्यातील 'स्टोरेज' यावर बोट ठेवावे. एकूण किती जागा, किती वापरली आणि ती कशाने खाल्ली, याची यादी दिसते. फोटो, व्हिडिओ, ॲप, इतर फाईल असे वेगवेगळे आकडे असतात. ते एका कागदावर लिहून घ्यावेत. सफाई झाल्यावर ताडून पाहता येते.

कोणती वस्तू किती जागा खाते, याचा ढोबळ अंदाज असा:

- साधा फोटो: ३ ते ५ एमबी. म्हणजे हजार फोटोंना सुमारे ४ जीबी.
- फोनने काढलेला चांगल्या प्रतीचा व्हिडिओ: मिनिटाला सुमारे १३० एमबी. म्हणजे ८ मिनिटांत १ जीबी.
- व्हॉट्सॲपवर आलेला व्हिडिओ: साधारण ५ ते १५ एमबी.

शेवटचा आकडा लहान वाटतो, पण नुकसान तोच करतो. समजा, गावाचा, भावकीचा, सोसायटीचा आणि भजनी मंडळाचा मिळून रोज दहा व्हिडिओ येतात आणि एकेक १० एमबीचा आहे. तर रोजचे १०० एमबी, आणि महिन्याला ३ जीबी झाले. आपण ते पाहिले असोत वा नसोत, फोनमध्ये ते उतरलेले असतात. पिकापेक्षा तण जास्त माजावे तशातली ही गत आहे.

३. कार्ड घेण्याआधी कोठी झाडा

पुष्कळदा नुसत्या सफाईनेच काम भागते, कार्डाचा खर्चही लागत नाही. सफाई पुढील क्रमाने करावी.

१) व्हॉट्सॲप: व्हॉट्सॲपच्या 'सेटिंग्ज'मध्ये 'स्टोरेज ॲण्ड डेटा' आणि त्यात 'मॅनेज स्टोरेज' आहे. तेथे ५ एमबीपेक्षा मोठ्या फाईल आणि अनेकदा पुढे ढकललेल्या फाईल वेगळ्या काढून दाखवल्या जातात. कोणत्या गटाने किती जागा घेतली, हेही दिसते. नको असलेल्या फाईल निवडून काढून टाकाव्यात. मात्र त्यात कोणी पाठवलेला कागद, पावती किंवा माती परीक्षणाचा अहवाल नाही ना, हे डोळ्यांखालून घालावे.

२) मूळ कारण बंद करावे: त्याच 'स्टोरेज ॲण्ड डेटा'मध्ये आपोआप उतरणाऱ्या फाईलींची यादी आहे. मोबाईल डेटा आणि वायफाय या दोन्हींत 'व्हिडिओ'समोरची खूण काढावी. मग जो व्हिडिओ आपण बोटाने मागू तोच उतरेल. येथे एक गैरसमज आढळतो. गटाचे फोटो गॅलरीत दिसू नयेत अशी सोय काहीजण करतात आणि जागा वाचली असे समजतात. त्याने फोटो फक्त नजरेआड होतात, जागा तेवढीच अडते.

३) कचरापेटी: पुसलेला फोटो लगेच जात नाही. बहुतेक फोनांत तो 'बिन' किंवा 'ट्रॅश'मध्ये ३० दिवस पडून राहतो आणि जागा अडवतो. फोटो पुसल्यावर ही पेटी उघडून पाहावी, सगळे नको असल्याची खात्री करावी आणि मग ती रिकामी करावी.

४) न वापरलेली ॲप: मुलांनी उतरवलेले खेळ, एकदाच वापरलेली ॲप काढून टाकावीत. पुन्हा लागल्यास ती प्ले स्टोअरवरून मोफत मिळतात. मात्र विजेचा इशारा देणारे 'दामिनी', हवामान सल्ल्याचे 'मेघदूत' आणि ई-पीक पाहणीचे ॲप जागेसाठी काढू नये. 'दामिनी' पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केले आहे. पावसाळ्याच्या तोंडावर ते फोनमध्ये असणे जिवाच्या दृष्टीने मोलाचे आहे.

५) ॲपचा गाळ: 'सेटिंग्ज', 'ॲप्स', मग हवे ते ॲप आणि 'स्टोरेज' असे गेल्यावर दोन बटणे दिसतात. 'क्लिअर कॅश' म्हणजे साचलेला गाळ काढणे. हे बिनधोक आहे. दुसरे बटण 'क्लिअर डेटा' किंवा 'क्लिअर स्टोरेज' असे असते. हे दाबू नये. त्याने त्या ॲपमधली आपली सगळी माहिती पुसली जाते. व्हॉट्सॲपचे संदेश जाऊ शकतात. पैशाच्या ॲपची नोंदणी पुन्हा करावी लागते. ई-पीक पाहणीची माहिती रेंज नसताना भरली असेल आणि अजून पाठवली गेली नसेल, तर तीही हातची जाऊ शकते. एक बटण गाळ काढते, दुसरे विहीरच बुजवते, हा फरक घरातल्या सर्वांना सांगून ठेवावा.

एवढ्या कामासाठी 'फोन स्वच्छ करणारी' अनोळखी ॲप घेऊ नयेत. त्यांतली बरीच जाहिरातींनी भरलेली असतात. गूगलचे 'फाईल्स' नावाचे ॲप बहुतेक फोनांत आधीपासून असते. मोठ्या फाईल आणि दुबार फोटो शोधायला ते पुरेसे आहे.

४. कार्ड निवडताना

सफाई करूनही जागा पुरत नसेल तर कार्ड घ्यावे. बियाण्याची पिशवी घेताना आपण लेबल पाहतो, तसेच येथेही पाहावे.

- आपला फोन किती जीबीपर्यंतचे कार्ड घेतो, हे फोनबरोबरच्या पुस्तिकेत पाहावे. काही नवीन फोनांत कार्डाची खाचच नसते, हेही आधी तपासावे.
- काही फोनांत दुसरे सिम आणि कार्ड यांची खाच एकच असते. दोन्ही सिम चालू असतील तर कार्ड बसणार नाही. बँकेला आणि आधारला जोडलेले सिम काढून तेथे कार्ड कदापि बसवू नये, ओटीपी येणे बंद होईल.
- कार्डावर '१०' असा आकडा इंग्रजी 'सी' अक्षराच्या आत असतो. ते कार्ड सेकंदाला किमान १० एमबी वेगाने लिहिते. फोटो आणि व्हिडिओसाठी यापेक्षा हळू कार्ड घेऊ नये. कार्डावर ॲप ठेवायची असतील तर 'ए१' किंवा 'ए२' असा शिक्का असलेले कार्ड घ्यावे.
- पक्के बिल आणि हमीपत्र घ्यावे. बाजारात बनावट कार्डे पुष्कळ आहेत. वरती १२८ जीबी छापलेले असते, फोनही तेवढेच दाखवतो, पण आत जागा ८ किंवा १६ जीबीच असते. तेवढी भरल्यावर पुढचे फोटो खराब होतात किंवा जुन्यांवर चढतात. फार स्वस्त मिळते म्हणून भुलू नये. नवे कार्ड संगणकाला जोडून 'एचटूटेस्टडब्ल्यू' या मोफत प्रोग्रॅमने तपासून घेता येते.

३२ जीबीच्या कार्डावर फोन २९ जीबीच्या आसपास दाखवतो. ही मात्र फसवणूक नव्हे. कंपनी १ जीबी म्हणजे हजाराच्या पटीत मोजते आणि फोन १०२४ च्या पटीत मोजतो, त्यामुळे हा फरक पडतो.

५. कार्ड बसवण्याची रीत

फोन बंद करावा, कार्ड सरळ बाजूने खाचेत ठेवावे, फोन चालू करावा. बऱ्याच फोनांत आता एक प्रश्न विचारला जातो: कार्ड 'पोर्टेबल' म्हणून वापरायचे की 'इंटर्नल' म्हणून? ही सोय २०१५ मध्ये ॲण्ड्रॉइडच्या सहाव्या आवृत्तीपासून आली. काही कंपन्यांनी ती ठेवलेली नाही. येथे घाईने बोट ठेवू नये.

'पोर्टेबल' म्हणजे सुटा माळा. कार्ड काढून दुसऱ्या फोनला किंवा संगणकाला लावले तरी फोटो दिसतात. बहुतेक शेतकऱ्यांनी हाच प्रकार निवडावा.

'इंटर्नल' म्हणजे माळ्याची भिंत पाडून तो कोठीलाच जोडणे. त्यावर ॲपही ठेवता येतात, पण तीन गोष्टी लक्षात घ्याव्यात. पहिली, त्या वेळी कार्डावरचे सगळे पुसले जाते. दुसरी, ते कार्ड त्याच फोनला बांधले जाते, दुसरीकडे वाचता येत नाही. तिसरी, फोन पाण्यात पडून बिघडला तर कार्ड शाबूत असूनही आतले फोटो मिळत नाहीत, कारण त्याची किल्ली फोनमध्ये असते. फोन जुना आणि अगदी लहान साठवणीचा असेल, आणि कार्ड 'ए१' प्रतीचे असेल, तरच हा मार्ग धरावा. हळू कार्ड जोडले तर चांगला फोनही रेंगाळतो.

६. माल माळ्यावर कसा चढवावा

अ) पुढचे फोटो: कॅमेरा उघडून त्याच्या 'सेटिंग्ज'मध्ये 'स्टोरेज लोकेशन' शोधावे आणि तेथे 'एसडी कार्ड' निवडावे. यापुढचे फोटो आणि व्हिडिओ कार्डावर जातील. कार्ड टाकल्यावर हे एक काम केले नाही, तर कार्ड घेऊन न घेतल्यासारखेच.

ब) जुने फोटो: फोनमधले 'फाईल मॅनेजर' किंवा 'फाईल्स' उघडावे. 'डीसीआयएम' या फोल्डरमध्ये कॅमेऱ्याचे फोटो असतात. 'मूव्ह' म्हणजे एका दमात हलवणे आणि 'कॉपी' म्हणजे प्रत काढणे. महत्त्वाच्या फोटोंसाठी आधी कॉपी करावे. मग कार्डावर जाऊन चार-पाच फोटो मोठे करून पाहावेत, व्हिडिओ लावून पाहावा. सगळे ठीक असेल तरच फोनमधले पुसावे. धान्य नव्या कणगीत पडल्याशिवाय जुनी कणगी मोडू नये. हे काम फोन निम्म्यापेक्षा जास्त चार्ज असताना करावे. मध्येच फोन बंद पडला तर फाईल अर्धवट राहते.

क) व्हॉट्सॲपचे व्हिडिओ: व्हॉट्सॲप आपला माल कोठीतच ठेवते, कार्डावर ठेवण्याची सोय त्यात नाही. जपून ठेवायचे व्हिडिओ वरच्या रीतीने कार्डावर न्यावेत. त्यानंतर व्हॉट्सॲपमध्ये तो व्हिडिओ उघडणार नाही, कार्डावरून पाहावा लागेल. घाबरून जाण्याचे कारण नाही.

ड) ॲप: 'सेटिंग्ज', 'ॲप्स', ॲपचे नाव, 'स्टोरेज' असे जाऊन 'चेंज' हे बटण दिसल्यास ते ॲप कार्डावर नेता येते. बटण नसेल तर त्या ॲपला किंवा फोनला ती परवानगी नाही असे समजावे. पैशाची ॲप आणि इशारा देणारी ॲप फोनमध्येच ठेवावीत.

७. कार्ड बिघडल्यास

"कार्ड खराब आहे, फॉरमॅट करा" असा संदेश आला तर लगेच 'हो' म्हणू नये. फॉरमॅट म्हणजे सगळे पुसणे. प्रथम फोन बंद करून कार्ड काढावे. सोनेरी पट्ट्या कोरड्या, मऊ कापडाने हलक्या हाताने पुसाव्यात. पॉलिश पेपर, रॉकेल किंवा पाणी वापरू नये. कार्ड पुन्हा बसवून पाहावे. तरीही चालले नाही तर कार्ड रीडरने संगणकाला जोडून पाहावे. फोनमध्ये न दिसणारे कार्ड तेथे पुष्कळदा दिसते. फोटो उतरवून घेतल्यावरच फॉरमॅट करावे, आणि तेही फोनमध्येच करावे. कार्डावरचे पाहता येते, पण नवीन काही लिहिले जात नाही, असे झाल्यास कार्डाचे आयुष्य संपत आले असे समजावे. फोटो काढून घ्यावेत आणि कार्ड बदलावे.

चालू फोनमधून कार्ड ओढून काढणे हे बिघाडाचे मोठे कारण आहे. काढायचेच असेल तर आधी 'स्टोरेज'मध्ये जाऊन 'इजेक्ट' किंवा 'अनमाउंट' करावे, नाहीतर फोन बंद करावा. फोन दुरुस्तीला देताना सुटे कार्ड काढून घरी ठेवावे. आपले आधार, पासबुक आणि घरच्या माणसांचे फोटो त्यात असतात.

८. एकाच कणगीत सगळे बियाणे नको

कार्ड हे जास्तीची जागा आहे, राखीव प्रत नव्हे. कार्ड हरवले किंवा जळाले तर त्यावरचे गेले. म्हणून नुकसानीचे फोटो, करारपत्रे, पावत्या दोन ठिकाणी ठेवाव्यात. आधारसारखी कागदपत्रे 'डिजिलॉकर'मध्ये मिळतात. डिजिटल सहीचा सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावरून पुन्हा काढता येतो, त्यामुळे जुन्या प्रतींनी फोन भरू नये. बाकीचे फोटो संगणकात किंवा पेनड्राईव्हवर ठेवावेत.

गूगल खात्याबरोबर १५ जीबी जागा मोफत मिळते. ती मेल, ड्राईव्ह आणि फोटो यांना मिळून आहे. फोटो तेथे चढवले असतील तर एक सावधगिरी बाळगावी. 'गूगल फोटोज'मधून पुसलेला फोटो फोनमधूनही जातो आणि खात्यातूनही जातो. फक्त फोनमधली जागा मोकळी करायची असेल तर त्यातले 'फ्री अप स्पेस' हे बटण वापरावे. चढवून झालेले फोटोच त्याने फोनमधून निघतात.

९. फसवणुकीपासून सावध

व्हॉट्सॲपवर 'पी.एम. किसान' किंवा बँकेच्या नावाने 'एपीके' अशा शेवटाची फाईल आली तर ती उघडू नये. अशा फाईलींमुळे फोनचा ताबा परक्याच्या हाती जाऊन खात्यातले पैसे गेल्याचे प्रकार घडले आहेत. सफाई करताना अशी फाईल सापडली तर आधी तीच काढावी. पैसे गेल्यास वेळ न घालवता १९३० या क्रमांकावर कळवावे.

१०. वेळापत्रक

- दर आठवड्याला: व्हॉट्सॲपमधले मोठे व्हिडिओ काढणे.
- दर महिन्याला: 'स्टोरेज'चे आकडे पाहणे, कचरापेटी रिकामी करणे, फोटो कार्डावर नेणे. पुष्कळ गावांत अमावास्येला औत बंद असते, तो दिवस धरावा.
- खरीप आणि रब्बीच्या पीक पाहणीआधी: निदान २ ते ३ जीबी जागा मोकळी आहे ना, ते पाहणे.
- वर्षातून एकदा: कार्डावरचे सर्व फोटो संगणकावर उतरवणे.

एकूण साठवणीचा दहावा हिस्सा नेहमी मोकळा ठेवावा. गच्च भरलेली कोठी उंदरांना बरी, फोनला नव्हे.

थोडक्यात महत्त्वाचे

१) आधी सफाई, मग कार्ड.
२) 'क्लिअर कॅश' चालेल, 'क्लिअर डेटा' नको.
३) व्हिडिओ आपोआप उतरणे बंद करा.
४) कार्ड 'पोर्टेबल' ठेवा आणि कॅमेरा कार्डाकडे वळवा.
५) आधी कॉपी, मग खात्री, नंतरच पुसणे.
६) महत्त्वाचे कागद दोन ठिकाणी.

हे काम पहिल्या वेळी स्वतःला जमले नाही तर घरातल्या शाळा-कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींना जवळ बसवा, ही पत्रिका समोर ठेवा आणि एकेक पायरी करून पाहा. पण काहीही पुसताना बोट आपले असू द्या, कारण कोणता कागद कामाचा आहे हे आपल्यालाच ठाऊक असते. ही पत्रिका जपून ठेवावी आणि शेजाऱ्यांनाही वाचायला द्यावी.